तिसऱ्या घटकाच्या सोनवणेबाई

सोनवणेबाई पहिल्यांदा माझ्या गाळ्यावर आल्या तेव्हा मी त्यांना हाकलणारच होतो. कांद्याचा बाजार ऐन भरात होता. मी हातावर टॉवेल टाकून उभा, खरेदीदार एकेक करून टॉवेलाखाली हात घालून बोटं दाबत होते, आणि ही बाई काट्याजवळ, हमालांच्या वाटेत, काखेत छत्री धरून नुसती बघत उभी. बाजारात येणारा माणूस बोलत येतो. जो बोलत नाही तो एकतर तपासणीला आलेला असतो, नाहीतर भांडायला. मी सौदा अर्धवट सोडून खेकसलो, "ओ बाई, काय पायजे? गोणी अंगावर पडली तर मला सांगू नका."

"नाही पडणार. हमालाच्या पायांकडं लक्ष आहे माझं," त्या म्हणाल्या आणि पुढं आल्या. "मी कॉलेजातली. शेतमाल विक्रीचा नवा कोर्स निघतोय, त्याचा अभ्यासक्रम करायचाय. एक सांगा, तुम्ही या बाजारात पहिल्या दिवशी आलात तेव्हा तुम्हाला काय येत नव्हतं?"

तुम्ही एवढे मोठे कसे झालात, हे मला पुष्कळांनी विचारलं होतं. विचारणाऱ्याला बहुधा वर्गणी हवी असते. मला काय येत नव्हतं, हे कुणी विचारलं नव्हतं. मी पिंपरी पेंढारचा. सातवीत शाळा सुटली, या बाजारात पाठीवर गोण्या वाहिल्या आणि त्याच बाजारात अडतीचा गाळा केला. कुणाच्या बापाच्या नावावर नाही केला. म्हणून असेल, पण मी चिडलेला असूनही उत्तर दिलं.

"गोणीत खालचा कांदा कसाय ते वरून कळत नव्हतं."

"आता कळतं?"

"आता तोंडाशी हात घातला की कळतं."

"हाताला काय लागतं?"

"बाई, बाजार चालू हाय!"

"दिसतंय. हाताला काय लागतं ते सांगा, मी जाते."

मग मी सांगितलं. वरच्या थरात निवडक कांदा लावून खाली गोल्टी भरलेली असली, म्हणजे बारका कांदा, तर मनगटापर्यंत हात जाताना अंतर कसं बदलतं. ओला माल बोटांना गार कसा लागतो. त्यांनी उभ्याउभ्या लिहून घेतलं, "आभारी आहे" म्हणाल्या आणि हमालांच्या मधून वाट काढत निघून गेल्या. पुढच्या बाजाराला पुन्हा हजर. या वेळी बाह्या वर करून. "हात घालू द्या," म्हणाल्या, "मला आलं तर पोरांना येईल." सकाळभर गोण्यांमध्ये हात घालून अंदाज सांगत होत्या, मी ओतून दाखवत होतो. पहिल्यांदा सगळे चुकले. हमाल हसायला लागले. बाईंना त्याचं काही नव्हतं. हाताला कांद्याचा वास घेऊन त्या तशाच वर्गावर गेल्या.

आता बाई नाहीत. ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बुटक्या, काळ्यासावळ्या, चालणं भरभर, आवाज खालचा. गाव बोरी बुद्रुक. त्यांच्या घरात शिकलेली पहिली पिढी त्यांचीच. कॉलेजात वाणिज्य शिकवायच्या, पण वर्षावर्षाच्या नेमणुकीवर. दर उन्हाळ्यात नेमणूक संपायची आणि पावसाळ्यात पुन्हा मिळायची, कधी लवकर, कधी उशिरा. आणि एक सवय अशी की माणसं त्यांना टाळायची. कुणी मोठं वाक्य बोललं की त्या शांतपणे विचारायच्या, "म्हणजे आता त्याला काय करता येईल?"

घोडेगावला पंचायत समितीच्या सभागृहात एकदा शेतकऱ्यांचं शिबिर होतं. मलाही बोलावलं होतं, म्हणून मी साक्षीला आहे. शेवटी साहेब उठले आणि म्हणाले, या शिबिरामुळं शेतकऱ्यांमध्ये मोठी जागृती निर्माण झाली आहे. बाईंनी मागच्या रांगेतून हात वर केला. "साहेब, जागृती झाली म्हणजे काल त्यांना जे येत नव्हतं असं आज काय येतं?" साहेबांनी पाणी मागवलं. माझ्या शेजारचा म्हातारा कानाशी लागून म्हणाला, "राव, आज जेवान चांगलं व्हतं, येवढं येतं मला सांगता." मी हसलो. बाई हसल्या नाहीत. त्या खरंच उत्तराची वाट बघत होत्या.

नव्या कोर्सचा अभ्यासक्रम करायला कॉलेजनं समिती नेमली. विद्यापीठाचा नियम असा की धंद्यातला एक माणूस समितीत हवा आणि मसुद्यावर त्याची सही हवी. प्राचार्यांनी मला धरलं. "शेठ, तुम्ही फक्त येऊन बसा. बाकी सगळं बाई बघतील." त्यांना माझी खुर्ची भरलेली हवी होती, तोंड नको होतं. पण मी जिथं बसतो तिथं बोलतो.

पहिल्याच बैठकीत प्राचार्यांनी स्वतः लिहून आणलेली उद्दिष्टं वाचली. विद्यार्थ्यांना बाजारपेठेचे महत्त्व समजेल. विद्यार्थ्यांना शेतकऱ्यांच्या प्रश्नांची जाणीव होईल. बाईंनी पेन्सिल काढली आणि एकेक ओळ खोडली.

"अहो बाई, सगळीकडं असंच लिहितात," प्राचार्य म्हणाले.

"म्हणून तर पदवी घेतलेली पोरं घरी बसलीत, सर. महत्त्व समजलं हे मी परीक्षेत कसं बघू? आणि जाणीव झाली त्याची उत्तरपत्रिका कशी तपासू? मला दिसेल असं काहीतरी द्या." मग माझ्याकडं वळून, "शेठ, गोणीचं तुम्ही सांगा."

मी सांगितलं. त्यांनी लिहिलं: विद्यार्थी गोणी न ओतता मालाची प्रत सांगेल आणि मग ओतून ती पडताळून दाखवेल. मला ते वाक्य आवडलं. खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली. सातवी शिकलेल्या माणसाच्या हाताची गोष्ट विद्यापीठाच्या कागदावर जाणार होती.

सगळ्यांना एक गोष्ट माहीत होती आणि कुणी ती बोलत नव्हतं. कोर्स मंजूर झाला तर एक पूर्ण वेळेची जागा निघणार होती. नाही झाला तर वाणिज्य शाखेचे तास घटणार होते आणि पहिल्यांदा घरी जाणार होत्या त्या वर्षावर्षाच्या नेमणुकीवाल्या बाई. म्हणजे त्यांना मसुदा मंजूर व्हायला हवा होता आणि मसुद्याला माझी सही हवी होती. मी व्यापारी माणूस. समोरच्याची गरज मला आधी दिसते, माणूस नंतर.

मसुदा माझ्याकडं आला आणि तिसऱ्या घटकावर मी थांबलो. तिथं लिहिलं होतं: विद्यार्थी कापडाखालच्या सौद्यातील बोटांच्या खुणा ओळखेल व झालेला भाव मोठ्याने सांगेल.

हा प्रकार ज्यांनी पाहिला नाही त्यांना समजावं म्हणून सांगतो. आमच्याकडं त्याला हत्ता म्हणत. अडत्या आणि खरेदीदार हातात हात देतात, वर टॉवेल. कुठलं बोट धरलं आणि कुठलं पेर दाबलं त्यावरून भाव ठरतो, तो त्या दोघांनाच कळतो. एकाचं झालं की दुसरा हात घालतो. ज्याचा भाव वरचा त्याला माल. शेतकरी शेजारीच उभा असतो, पण त्याला फक्त टॉवेल दिसतो. भाव त्याला मागाहून कळतो, अडत्या सांगेल तो. ही पद्धत कायद्यात बसत नव्हती. बाजारात बसत होती. आणि हात सुटला की सौदा पक्का, त्यानंतर कुणी मागं फिरत नाही. फिरला तर पुन्हा कुणी त्याच्या हातात हात देत नाही.

मी स्वतः कुणाला खोटा भाव सांगितलेला नाही. कोण सांगत होतं ते मला माहीत आहे आणि त्यांनाही माहीत आहे. पण खुणा ही धंद्याची गोष्ट. ती मी गोण्या वाहत असताना, मार खाऊन, वर्षानुवर्षं बघून शिकलो. ती कुणी वर्गातल्या फळ्यावर लिहावी?

बातमी बाजारात फुटली. प्राचार्यांनीच कुठंतरी फुशारकी मारली असणार. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गाळ्याचे बबनशेठ पानाची पिचकारी मारून मला म्हणाले, "काय वो, आमचं कापड उचलून द्यायचं ठरलं म्हनं तुमचं? मास्तरीण लई जवळची दिसतीया."

"तोंड सांभाळून बोल, बबन."

"मी सांभाळतोय. तुमी तुमचे गिऱ्हाईक सांभाळा. ह्या बाजारात तुमच्या टावेलात कोन हात घालतंय ते बगूच."

मी तसाच उठून कॉलेजात गेलो. बाई प्राध्यापकांच्या खोलीत एकट्या होत्या. मी मसुदा टेबलावर आपटला.

"हे तिसरं काढा. न्हाईतर सही विसरा."

"बसा."

"बसायला आलो न्हाई. तुमची जागा निघायचीये, मला ठाऊक हाय. सहीशिवाय कागद पुण्याला जाणार न्हाई."

इतकं उघड बोलल्यावर माणूस एकतर रडतो, नाहीतर लवतो. बाईंनी खुर्ची माझ्याकडं सरकवली. "बरोबर आहे. मला जागा हवीय. तुमची सहीही हवीय. म्हणून मी गोणीचं उद्दिष्ट ठेवू आणि हे काढू? मग पोरगा गोणी ओळखून करेल काय? माल बघता येतो पण भाव ऐकू येत नाही, असा माणूस तुमच्या बाजारात आधीच भरपूर आहे. तो शेजारी उभा असतो."

मी त्यांचं खरं कारण शोधत होतो. प्रत्येक माणसाच्या बोलीमागं एक कारण असतं, ते सापडलं की सौदा आपला. मी विचारलं, "तुमच्या वडलांचा कांदा कुणी बुडवला व्हता का? नाव सांगा. त्याचं मी बघतो. धंद्यावर कशाला राग?"

त्या पहिल्यांदा चिडल्या आणि चिडल्या की बोरीच्या बोलीत बोलायच्या. "माज्या वडलांकडं कांदा पिकवायला जमीनच न्हवती, शेठ. ते तुमच्याच बाजारात गोण्या शिवायचे. दाभण घेऊन. त्यांना कुनी बुडवायला त्यांच्याकडं व्हतंच काय? सूड शोधू नका. मला परीक्षेला इचारता येईल असं पायजे, येवढंच हाय."

मला काही पकडायला मिळालं नाही. मग मी माझ्या नेहमीच्या रस्त्यावर आलो. घासाघीस.

"त्या ओळीतल्या खुणा काढा. फळ्यावर एकबी खूण लिहायची न्हाई."

"काढल्या. वर्गात एकही खूण शिकवणार नाही. त्याच्या बदल्यात काय देता?"

"आं?"

"घटक रिकामा ठेवता येत नाही. विद्यापीठ तास मोजतं."

"प्रात्यक्षिक घाला. तुम्ही किती ठेवलंय, दहा तास? दहा तासात पोरगं गाळा तरी शोधंल का? तीस करा."

"तीस देणार नाहीत. बारा."

"तुम्ही मला बाजार शिकवू नका. तीस."

"पंधरा. वर्गातले तास कमी करायचे म्हणजे माझेच तास कमी होतात, शेठ."

"ते तुमचं तुम्ही बघा. पंचवीसच्या खाली मी ऐकत न्हाई."

त्यांनी मसुद्यातला तासांचा आकडा खोडला. मग म्हणाल्या, "बरं. पंचवीस. सगळे बाजारात. फळा नाही, खुणा नाहीत." मी तिथंच सही ठोकली. खाली उतरताना मला असं वाटलं की बऱ्याच दिवसांनी चांगला सौदा झाला. समोरच्याला मान्य नसलेला आकडा त्याच्याकडून काढून घेतला की जी ऊब लागते ती लागली होती. आपण काय विकत घेतलं ते मी पाहिलं नव्हतं.

पुण्याला विद्यापीठाच्या अभ्यास मंडळापुढं मसुदा गेला तेव्हा मी, बाई आणि प्राचार्य जीपनं गेलो. लांबलचक टेबल, वर पंखे. अध्यक्षांनी पानं उलटली आणि तिसऱ्या घटकावर बोट ठेवलं. "पंचवीस तास बाजारात? हा पदवीचा विषय आहे. दहा ठेवा, बाकी वर्गात सिद्धान्त शिकवा."

बाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांचे हात मांडीवर होते आणि अंगठा दुसऱ्या तळव्यावर घासत होता, तेवढंच दिसलं. प्राचार्य लगेच म्हणाले, "दहा चालतील, सर." आणि माझं डोकं फिरलं. ते तास मी मिळवलेले. माझ्या हातातला आकडा माझ्यासमोर तिसराच माणूस खाली आणत होता.

"का चालतील?" मी म्हणालो. "पंचवीस ठरलेत. एकबी कमी व्हणार न्हाई."

अध्यक्ष माझ्याकडं बघून सौम्यपणे हसले. "आपला उत्साह मी समजू शकतो. पण इतकी मुलं बाजारात उभी कुठं राहणार? कोण त्यांना सौद्याच्या जवळ येऊ देणार? तुमच्या बाजारात बाहेरच्या माणसाला व्यापारी कसं वागवतात ते आम्ही ऐकून आहोत. असली जबाबदारी कुणी घेत नसतं."

"कुणी घेत नसतं म्हणजे? माझा गाळा हाय! माझ्या काट्यावर उभी राहतील. बघू कोण हात लावतो."

अध्यक्षांनी विचारलं, "असं लिहून घेऊ?" आणि लिहून घेतलं. खाली उद्दिष्ट होतंच. बाईंनी खुणांचा शब्द काढला होता, माझ्याशी ठरल्याप्रमाणे. त्या जागी प्रात्यक्षिक आणलं होतं आणि उरलेली ओळ तशीच ठेवली होती: विद्यार्थी प्रत्यक्ष सौद्यात भाग घेऊन झालेला भाव मोठ्याने सांगेल. मंडळानं ती मंजूर केली.

परतताना वाटेत जीप थांबली. चहाला उतरलो, कप हातात घेतला आणि तेव्हा मला सगळं नीट दिसलं. वर्गात काही शिकवायचं नाही, म्हणजे शिकवायचं माझ्या गाळ्यावर. प्रत्यक्ष सौद्यात भाग, म्हणजे पोरांचे हात माझ्या टॉवेलात. आणि हे मंडळाला मीच ओरडून सांगितलं होतं.

"बाई, तुम्ही मला फसवलं."

"मी?" त्यांनी कप खाली ठेवला. "मी बारा म्हणाले होते."

"तुम्हाला मागं फिरायचं असेल तर फिरा," त्या पुढं म्हणाल्या. "मी मंडळाला कळवते. कोर्स पडेल. पण तुम्हाला कुणी अडवणार नाही." त्यांना माहीत होतं. चार माणसांत दिलेला शब्द म्हणजे सुटलेला हात. मी चहा ओतून दिला आणि जीपमध्ये जाऊन बसलो.

कोर्स सुरू झाला. पोरं-पोरी सकाळी गाळ्यावर यायची. मी कुणाला शिकवत नव्हतो, पण हाकलतही नव्हतो. बाई स्वतः त्यांच्यात उभ्या असायच्या. खुणा पोरांनी हमालांना विचारून उचलल्या. सुरुवातीला खरेदीदारांनी मजा घेतली. मग एका बाजाराला माझ्याच पिंपरी पेंढारची एक मुलगी बापाचा कांदा घेऊन आली. कोर्सला होती ती. टॉवेल पडला, एकानं हात घातला, दुसऱ्यानं घातला, आणि शेवटचा हात सुटायच्या आत ती पुढं आली. हात पुढं केला. "शेठ, माल आमचा हाय. माझाबी हात घ्या."

बाजारात बाईमाणसाचा हात टॉवेलाखाली कधी गेला नव्हता. शेतकऱ्याचाही नाही. हमाल थांबले. बबनशेठ गाळ्यातून उठून उभे राहिले. मी बाईंकडं पाहिलं. त्या मला काही सुचवत नव्हत्या. पोरीचा हात तसाच पुढं. तिचा बाप मागून म्हणाला, "सुमे, चल मागं, लोक बगत्यात." ती हलली नाही.

मी तिचा हात टॉवेलाखाली घेतला आणि शेवटचा भाव दाबला. खरा. तिनं तो मोठ्यानं सांगितला, बापाला ऐकू जाईल असा. बापाला, आणि आजूबाजूला माल घेऊन उभ्या असलेल्या सगळ्यांना. लगेच दोन गाळे सोडून एक शेतकरी आपल्या अडत्याला म्हणाला, "माजाबी हात घ्या की वो."

त्यानंतर काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा. खरेदीदारांनी माझ्या टॉवेलात हात घालणं सोडलं. बबनशेठनी शब्द पाळला. माल माझ्याकडं येत होता, उलट जास्तच येत होता, पण घेणारा नव्हता. कांदा गाळ्यात कोंब धरायला लागला. मी बोरीला बाईंच्या घरी गेलो, अंगणातूनच ओरडलो.

"तुमच्या एका ओळीपायी माझा धंदा बसला!"

त्या ओसरीवर पेपर तपासत होत्या. चष्मा काढून म्हणाल्या, "टॉवेल काढून टाका मग. तोंडानं बोला भाव. माल तुमच्याकडं हाय, खरेदीदार कुठं जातील?"

"सांगणं सोपं हाय."

"सोपं न्हाई. मी करून बघितलेलं न्हाई, म्हणून सोपं म्हणणार न्हाई. पण दुसरं काही दिसत न्हाई मला." मग म्हणाल्या, "पाणी घ्या." मी पाणी न घेता निघून आलो.

त्याच उन्हाळ्यात जागेची मुलाखत झाली. अभ्यासक्रम ज्यांनी शब्दाशब्दानं उभा केला त्या बाईंची निवड झाली नाही. प्राध्यापकीची पात्रता परीक्षा पास असलेला एक तरुण बाहेरगावाहून आला, कागदावर तो वरचढ होता. बाईंची वर्षाची नेमणूकही पुन्हा झाली नाही. मला कळलं तेव्हा मी प्राचार्यांच्या दारावर जाऊन आरडाओरडा केला. ते म्हणाले, "शेठ, नियम आहे." मी त्यांना काय म्हणालो ते इथं लिहीत नाही.

नवे प्राध्यापक महिन्याभरात माझ्याकडं आले, सोबत बबनशेठ. आता त्यांचं जमलं होतं. प्राध्यापकांना पहाटे बाजारात यायचं नव्हतं. "तुम्ही गाळा देता येत नाही एवढं कळवा," ते म्हणाले, "मी प्रात्यक्षिक वर्गातच घेतो." बबनशेठ गोड आवाजात म्हणाले, "आनि उद्यापासून समदे हात तुमच्या टावेलात. मागचं इसरून जाऊ, भाऊ."

गाळ्यात कुजक्या कांद्याचा वास होता. बाई कॉलेजातून गेलेल्या होत्या. माझ्यावर कुणाचं बंधन नव्हतं. पण बबनचा तो गोड आवाज टोचला, आणि मी झगडून आणलेले पंचवीस तास हा बाहेरगावचा पोरगा एका चिठ्ठीवर मागत होता. मी म्हणालो, "ते तास माझे हायेत. एकबी देनार न्हाई." दुसऱ्या बाजाराला मी टॉवेल गाळ्याच्या आत खुंटीला अडकवला, ओट्यावर उभा राहिलो आणि ओरडून बोली पुकारली. सुरुवातीला कुणी बोललं नाही. मग आळेफाट्याकडचा एक नवखा खरेदीदार बोलला. त्याला सगळा माल मिळतोय म्हटल्यावर दुसरा बोलला. हंगाम संपेपर्यंत निम्मा बाजार माझ्या ओट्यासमोर उभा असायचा आणि त्यात कॉलेजची पोरं असायची.

आता माझी तक्रार सांगतो, कारण ती मी अजून सोडलेली नाही. छापील अभ्यासक्रम माझ्या हातात आला. पहिल्या पानावर समितीची नावं. प्राचार्यांचं होतं. बाईंचं होतं. माझ्या जागी लिहिलेलं होतं: एक स्थानिक व्यावसायिक. गोणीची प्रत माझी, तास माझे, गाळा माझा, नुकसान माझं. नाव नाही. बाई एकेका शब्दासाठी प्राचार्यांशी भांडल्या, मंडळाशी भांडल्या. छापायला जाण्याआधीचा कागद त्यांच्या हाताखालून गेला होता. माझ्या नावासाठी त्या भांडल्या नाहीत. मी वर्षानुवर्षं त्याची कारणं जुळवत बसलो. सहीवरून मी त्यांना दम दिला म्हणून? की माझी सातवी छापील कागदावर बरी दिसणार नव्हती म्हणून?

काही वर्षांनी त्या मला घोडेगावच्या एसटी स्टँडवर भेटल्या. डोंगराकडच्या एका शाळेत शिकवत होत्या. खंगलेल्या दिसल्या, काखेत मात्र छत्री तशीच. त्यांनी आधी बाजाराचं विचारलं. तास अजून पंचवीसच आहेत का, पोरं हात पुढं करतात का. मी सांगितलं, आता हात पुढं करायची वेळच येत नाही, पोरं बोली पुकारतात, सुमी तर तिच्या गावचा सगळा माल एकत्र करून आणते आणि माझ्याशीच भांडते. बाईंचा चेहरा असा खुलला की मला पुढचं विचारवेना. तरी विचारलंच.

"बाई, त्या कागदावर माझं नाव का न्हाई?"

मी उत्तरं ओळखून ठेवलेली होती. छापणाऱ्याची चूक म्हणतील, विद्यापीठाचा नियम म्हणतील, व्यापारी चिडू नयेत म्हणून तुमचंच भलं पाहिलं म्हणतील. प्रत्येकावर माझं उत्तर तयार होतं.

बाईंनी काखेतली छत्री हातात घेतली. मग म्हणाल्या, "माझ्या डोक्यातच आलं नाही, शेठ. तेव्हा मला फक्त माझी जागा दिसत होती. कागद बघितला, माझं नाव बरोबर आहे का तेवढं बघितलं आणि दिला."

गाडी लागली. लोक दाराशी दाटले. त्या छत्री सावरत चढल्या, मागच्या खिडकीशी बसल्या आणि मला हात केला. मी केला नाही. पुढच्या वर्षी त्या गेल्याचं कळलं तेव्हा पहिल्यांदा तो न केलेला हातच आठवला, पण त्याचं मला वाईट वाटतं असं मी म्हणणार नाही. मला राग होता आणि आहे.

फक्त एक आहे. उभा जन्म बाजारात गेला. खरा भाव पहिल्याच बोलीला, समोरासमोर, काही न झाकता सांगणारं माणूस मला एकच भेटलं. त्या उत्तरावर घासाघीस कुठून सुरू करायची, ते मी अजून शोधतोय.